निवटीची टाकी: अर्धं पाणी, अर्धा चिखल

ओहोटीच्या वेळी ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात जाऊन खारफुटीखालचा चिखल नीट बघा. पाणी कुठे संपलं आणि जमीन कुठे लागली, ते बोट ठेवून सांगता येत नाही. निवटी, म्हणजे चिखलावर उड्या मारत फिरणारा मासा, राहते ती याच पट्ट्यात. घरच्या टाकीत मात्र बहुतेक जण एका बाजूला वीतभर पाणी भरतात, दुसऱ्या बाजूला कोरडा दगड ठेवतात आणि मधला पट्टा विसरतात. मग निवटी दिवसभर काचेला चिकटून बसते.

आधी निवटी कुठली, ते ठरवा. कोळीवाड्याच्या बाजारात कालवणासाठी मिळते ती मोठी निवटी टाकीसाठी घेऊ नका. ती डोकं डावी-उजवीकडे फिरवत चिखलावरचं शेवाळ खरवडून खाते. घरात तेवढं शेवाळ पिकत नाही आणि समोर दाणे टाकले तरी ती उपाशी मरते. टाकीला हवी ती टुणटुण उड्या मारत किडे पकडणारी लहान जात. रंगीत माशांच्या दुकानात ‘मडस्किपर’ म्हणून मागा आणि दुकानदाराला तुमच्यासमोर खायला घालायला सांगा. खाल्लं तरच घ्या. खाडीतून पकडून आणू नका. ठाणे खाडीचा पश्चिम काठ 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, आणि तिथल्या चिखलात कारखान्यांचं काय काय मुरलंय ते वेगळंच. तिवराची रोपं किंवा कांदळाच्या शेंगाही उचलू नका, खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे. शोभेसाठी प्लास्टिकची मुळं चालतात, निवटीला फरक पडत नाही.

टाकी 36 × 18 × 18 इंच, काच 6 मिमी. उंची पाण्यासाठी नाही, उडीसाठी आणि दमट हवेसाठी लागते. सगळं भरल्यावर वजन 100 किलोच्या घरात जातं, म्हणून टीव्हीच्या युनिटवर ठेवू नका. लोखंडी स्टँड, वर प्लाय, त्यावर थर्माकोलची शीट.

आता उतार. नुसती रेती लोटून केलेला उतार पंधरा दिवसांत सपाट होतो, कारण फिल्टरचा प्रवाह ती ओढतो आणि निवटी खालून उकरते. भातखाचरांसारखे बांध घाला. काचवाल्याकडून 18 इंचांपेक्षा थोड्या कमी लांबीच्या, म्हणजे टाकीत आडव्या बसतील अशा तीन पट्ट्या कापून घ्या: 2 इंच, 4 इंच आणि साडेपाच इंच उंचीच्या. कडा घासून घ्यायला सांगा, निवटीची कातडी नाजूक असते. डाव्या काचेपासून 16, 22 आणि 28 इंचांवर, बुटकीपासून उंचीकडे, त्या सिलिकॉनने चिकटवा. सिलिकॉन अ‍ॅक्वेरियमचंच घ्या. बाथरूमच्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असतं. प्रत्येक पट्टीच्या खालच्या एका कोपऱ्यात बोटभर फट ठेवा, म्हणजे पाणी खालून फिरत राहील. चिकटवल्यावर दोन दिवस हात लावू नका, मग पाणी भरून एक दिवस गळती बघा.

डावीकडचे 16 इंच नुसतं पाणी, आणि प्रत्येक पट्टीच्या उजवीकडचा कप्पा म्हणजे एक खाचर. प्रत्येक खाचरात तळाला जाड खडी, त्यावर नायलॉनची जाळी आणि वर फक्त एक इंच बारीक रेती. वरपासून खालपर्यंत बारीक रेतीच भरली की तळाला हवा पोचत नाही, रेती काळी पडते आणि ढवळली की सडक्या अंड्यांचा वास येतो. तो वायू विषारी असतो. रेतीत मूठ-दोन मूठ शिंपल्यांचा चुरा मिसळा, पाणी आम्ल होत नाही.

पाणी 4 इंचांपर्यंत. म्हणजे पहिल्या खाचरावर दोन इंच पाणी, दुसरं बरोबर पाण्याच्या रेषेवर लिबलिबीत, तिसरं ओलं पण वर. निवटी सगळ्यात जास्त वेळ दुसऱ्या खाचरात काढते. तिथे लोळून ती अंग ओलं ठेवते आणि डोळे खोबणीत ओढून ओले करते.

खडी-रेतीत मुरलेलं धरून एकूण पाणी साधारण 30 लिटर होतं. लिटरला 15 ग्रॅम मरीन सॉल्ट (अ‍ॅक्वेरियमसाठी मिळणारं समुद्री मीठ), म्हणजे 450 ग्रॅम. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम नसतं. नळाचं पाणी बादलीत घेऊन क्लोरीन काढायचे थेंब टाका, मग मीठ विरघळवा आणि हायड्रोमीटरवर (खारटपणा मोजायचं साधन) 1.010 च्या आसपास आलं की टाकीत ओता. पाण्याच्या रेषेवर बाहेरून मार्करने खूण करा, कारण सगळ्यात जास्त चूक इथेच होते: पाणी उडतं, मीठ उडत नाही. रोजची तूट गोड्या पाण्याने भरायची, खाऱ्याने नाही. मे महिन्यात महिनाभर खारं पाणी ओतत राहिलात तर टाकीतलं पाणी खारट होत जाईल. खारं पाणी फक्त बदलताना: आठवड्याला 10 लिटर काढा, 10 लिटर घाला, त्यात 150 ग्रॅम मीठ.

फिल्टर छोटा इंटर्नल, म्हणजे पाण्यातच बसणारा, आडवा झोपवून, तोंडाला स्पंज. वायर प्लगकडे जाताना मध्ये लोंबती ठेवा म्हणजे ओघळ बोर्डात शिरत नाही. खाऱ्या वाफेने अडॅप्टरच्या पिना गंजतात, म्हणून दिव्याचा अडॅप्टर झाकणावर ठेवू नका. झाकण काचेचं, नळी-वायरपुरती फट सोडून बंद. जाळीच्या झाकणाने हवा कोरडी पडते, आणि निवटी कातडीनेही श्वास घेत असल्याने तिला ओली हवा लागते. एसीचा झोत टाकीवर येत असेल तर जागा बदला. तापमान 24 ते 30 अंश पुरे, ठाण्यात हीटर सहसा लागत नाही.

यानंतर चार ते सहा आठवडे टाकी रिकामीच चालवा. कोलंबीचा एक तुकडा टाकून सडू द्या. त्यातून अमोनिया आणि नायट्राइट ही माशांना विषारी द्रव्यं आधी चढतील, मग जिवाणू वाढले की उतरतील. टेस्ट किटवर दोन्ही शून्य दिसल्याशिवाय निवटी आणू नका.

या मापाच्या टाकीत लहान जातीची एकच निवटी ठेवा, फार तर तीन. दोन कधीच नको, त्यातली एक दुसरीला पाण्यात कोंडून मारते. रोज एकदा तिसऱ्या खाचरावर गांडुळाचा तुकडा, ताजा जवळा किंवा भिजवलेले ब्लडवर्म द्या, आठवड्यातून एक दिवस उपास. सुका जवळा खारवलेला असू शकतो, तो टाळा. उरलेलं तासाभरात चिमट्याने उचला, नाहीतर मुंग्यांची रांग लागलीच समजा. मुंग्यांचा खडू स्टँडला ओढू नका, पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा.

डासांची कॉइल, लिक्विड, स्प्रे या खोलीत वर्ज्य. त्यातलं औषध माशांना मारक असतं आणि एअर पंप ते थेट पाण्यात सोडतो. पावसाळ्यात सोसायटीत धूरफवारणीची गाडी आली की खिडकी लावा, पंप असेल तर बंद करा, झाकणावर ओलं फडकं टाका. निवटी हवेतूनही श्वास घेते, तासभर पंपाशिवाय तिचं काही बिघडत नाही. वास पूर्ण गेल्यावरच पंप चालू करा.