लिननचा मध्ययुगीन आतला सदरा हाताने शिवताना

मध्ययुगीन युरोपात अंगाला लागून असायचा तो लिननचा, म्हणजे जवसाच्या धाग्याचा सदरा. वरचे लोकरी कपडे क्वचितच धुतले जात. घाम टिपायचं काम याचं, म्हणून धुवायचा तोही हाच.

कापड आधी गरम पाण्यातून काढा, ते आटतं. मग कात्री. अंगाला एक लांब आयत, बाह्यांना दोन, घेरासाठी तिकोनी कळ्या. हातमागाचं कापड महाग, त्यामुळे चिंधीसुद्धा वाया जाऊ नये अशी ही बेतणी; मला ती फार आवडते. खांद्यावर शिवण नको, कापड दुमडून गळा कापा. लहानच कापा, नंतर वाढवता येतो.

खरी मेख काखेत. तिथे साधारण १२ सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा तिरपा बसवा. माझ्या पहिल्या सदऱ्याला तो नव्हता. हात वर करताच शिवण उसवली. चौकोनाच्या प्रत्येक कोपऱ्यावर दोन उलट टाके जास्तीचे घाला.

दोऱ्याला मेण लावा, शिवणी धावदोऱ्याने घाला आणि कडा आत दुमडून तुरपाई करा. कच्ची कड दिवसभर टोचते.

पुरुषाचा सदरा असेल, तर खाली नाडीची ढगळ लिनन चड्डी येते. सदरा तिच्यात खोचता येईल इतका लांब ठेवा.