लांबच्या विमानप्रवासात मोठ्या सीटसाठी जास्तीचे पैसे मोजावेत का?

मुंबईहून मध्यरात्रीनंतर दोन वाजता सुटणाऱ्या विमानासाठी सांगलीचा माणूस आदल्या दुपारी दोनलाच घराबाहेर पडतो. रस्ता पावणेचारशे किलोमीटरच्या आसपासचा, त्यात खंबाटकी घाट, पुण्याबाहेरची कोंडी आणि खंडाळ्याचा खोळंबा, शिवाय विमानतळावर तीन तास आधी पोचायचे असते. साताऱ्याच्या मंडळींचे यातले दोन-अडीच तास वाचतात, एवढाच काय तो फरक. पुढे न्यूयॉर्कचे थेट विमान असेल तर साधारण पंधरा-सोळा तास. म्हणजे सीटचा पट्टा बांधण्याआधीच शरीराने बारा तास सोसलेले असतात, आणि म्हणूनच वरच्या दर्जाची सीट घ्यावी की नाही याचा हिशेब मुंबई ते न्यूयॉर्क असा न मांडता घराच्या उंबऱ्यापासून तिकडच्या उंबऱ्यापर्यंत मांडावा, असे माझे मत आहे. मुलीकडे जाण्यायेण्याच्या निमित्ताने हा प्रवास माझ्या अंगवळणी पडला आहे, त्यामुळे विश्रामबागेतल्या आमच्या गल्लीत कोणाचे तिकीट निघाले की हा प्रश्न हमखास माझ्याकडे येतो.

प्रथम आपण नेमके काय विकत घेत आहोत ते पाहावे, कारण ‘अपग्रेड’ या एकाच शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिली म्हणजे जादा लेगरूमची सीट. ती इकॉनॉमीतलीच असते, जेवण तेच आणि रुंदीही तीच, फक्त पायांपुढे काही इंच जागा अधिक मिळते. दुसरी प्रीमियम इकॉनॉमी. तिचा कक्ष वेगळा असतो, एका ओळीत माणसे कमी बसतात आणि पाठ बऱ्यापैकी मागे जाते. तिसरी बिझनेस, जिथे बहुतेक लांबच्या विमानांत सीटचा सपाट बिछाना होतो. इकॉनॉमीत एका सीटच्या एका बिंदूपासून पुढच्या सीटच्या त्याच बिंदूपर्यंतचे अंतर बहुधा ३१ ते ३२ इंच असते, प्रीमियम इकॉनॉमीत ते ३८ इंचांच्या आसपास जाते. रुंदीत विमानाविमानांत फरक पडतो. बोईंग ७७७ मध्ये एका ओळीत दहा जण बसवले असतील तर सीट साधारण १७ इंचांची होते, तर एअरबस ए३५० मध्ये नऊच्या ओळीत ती १८ इंचांच्या जवळ जाते. एक इंच म्हणजे काय मोठेसे, असे घरी बसून वाटते. शेजारी भरदार खांद्यांचा गृहस्थ येऊन बसला की त्या इंचाची किंमत कळते.

हे आकडे स्वतःच्या देहाला लावून पाहण्याची एक साधी रीत आहे. जेवणाच्या टेबलाजवळची सरळ पाठीची खुर्ची घ्यावी, पाठ आणि कंबर मागे पूर्ण टेकवून बसावे आणि घरच्या कोणाला तरी टेप घेऊन खुर्चीच्या पाठीपासून गुडघ्याच्या पुढच्या टोकापर्यंत मोजायला सांगावे. शेजारच्या एका सहा फुटी गृहस्थांचे हे माप मी घेतले तेव्हा ते पंचवीस इंचांच्या वर भरले. ३१ इंचांतून पुढच्या सीटच्या पाठीची जाडी वजा जाते आणि त्या सीटच्या खिशात कोंबलेली मासिके नि पाण्याची बाटली आणखी थोडी जागा खातात. उरलेल्या जागेत त्यांची जेमतेम मूठ मावली असती, आणि पुढच्याने पाठ मागे टाकल्यावर तीही नाही. त्यांच्या सौभाग्यवतींचे माप बावीसच्या आत आले. म्हणजे एकाच घरात एकाला जादा लेगरूमची गरज आणि दुसऱ्याला ते पैसे वाया, असा निकाल लागला. खांद्यांची रुंदीही मोजावी, पण शिंप्याच्या वहीतला शर्टाच्या ‘शोल्डर’चा आकडा इथे धरू नये, कारण त्यात दंडांचा फुगवटा येत नाही. भिंतीला पाठ लावून उभे राहावे आणि एका दंडाच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्याच्या कडेपर्यंत मोजावे. हे माप सीटच्या रुंदीहून दोन इंचांनी जास्त असेल तर लेगरूमची सीट घेऊन उपयोग नाही. तुमची अडचण गुडघ्यांची नसून खांद्यांची आहे आणि ती प्रीमियम इकॉनॉमीतच सुटते.

यानंतर झोपेचा हिशेब. सांगली-मुंबई स्लीपर ट्रॅव्हल्सचे भाडे बसायच्या सीटपेक्षा जास्त असते, तरीही सकाळी मंत्रालयात काम असलेला माणूस ते फार विचार न करता देतो आणि रविवारी भाच्याच्या बारशाला निघालेला माणूस बसूनच जातो. विमानाच्या बाबतीतही तोच प्रश्न स्वतःला विचारावा, की उतरल्यावर पहिल्या सकाळी मला काय करायचे आहे? मुलाच्या घरी तीन दिवस सोफ्यावर लोळायचे असेल तर न झालेली झोप फुकट भरून निघते. पण तासगावचा द्राक्ष निर्यातदार फेब्रुवारीत बर्लिनच्या फ्रूट लॉजिस्टिका प्रदर्शनाला जाऊन दुसऱ्याच दिवशी खरेदीदारांसमोर बसणार असेल, तर त्याच्यासाठी रात्रीची झोप हा धंद्याचा खर्च आहे.

उदाहरणादाखल आकडे घेऊ. वाचकांनी ते खोडून आपल्या तिकिटाचे घालावेत. समजा, सोळा तासांच्या विमानात इकॉनॉमी आणि प्रीमियम इकॉनॉमी यांत एका बाजूचा फरक ५५,००० रुपये आहे आणि बिझनेसचा फरक १,८०,००० रुपये. इकॉनॉमीत तुम्हाला तुकड्यातुकड्यांनी तीन तास झोप लागते, प्रीमियममध्ये पाच आणि बिझनेसमध्ये आठ. मग प्रीमियममध्ये झोपेचा प्रत्येक जादा तास साडेसत्तावीस हजारांना पडतो आणि बिझनेसमध्ये छत्तीस हजारांना. हा आकडा वहीत लिहिलेला दिसला की बहुतेकांचा उत्साह आपोआप आटोक्यात येतो. माझे स्पष्ट मत असे, की प्रीमियम इकॉनॉमी झोपेसाठी घेऊच नये. ती गुडघे, खांदे आणि कंबर यांच्यासाठी घ्यावी, कारण तिथेही माणूस बसूनच झोपतो. झोप हवी असेल तर बिछाना घ्यावा, नाही तर पैसे राखावेत. दिवसाच्या विमानात बिछान्यावर खर्च करणे हे तर मला अजूनही समजलेले नाही.

संपूर्ण प्रवासासाठी एकच दर्जा घ्यायचा अशी समजूत बाळगण्याचेही कारण नाही. दुबईमार्गे जाणाऱ्यांचा पहिला टप्पा जेमतेम तीन तासांचा असतो आणि तिथून न्यूयॉर्कचा चौदा तासांच्या घरात जातो. पहिल्या टप्प्यात कोंबून बसले तरी बिघडत नाही, पैसे दुसऱ्यावर घालावेत. जाताना आणि येतानाचे दर्जेही वेगळे ठेवता येतात. किती तासांनंतर साधी सीट असह्य होते याबद्दल विमान कंपन्यांचाही काही अंदाज असावा, कारण सिंगापूर एअरलाइन्सने २०१८ मध्ये साडेअठरा तासांची सिंगापूर-न्यूयॉर्क सेवा पुन्हा सुरू केली तेव्हा त्या विमानात १६१ सीट ठेवल्या आणि इकॉनॉमीची एकही ठेवली नाही. दुबई किंवा सिंगापूरपर्यंतच्याच सहलीला निघालेल्यांनी मात्र हा सगळा विचार बाजूला ठेवून खिडकीची किंवा आयल, म्हणजे वाटेकडेची, सीट पकडावी आणि निघावे.

किमतीच्या बाजूने तीन गोष्टी तपासाव्यात. सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमीच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के आणि त्याहून वरच्या दर्जांवर १८ टक्के आहे, त्यामुळे मूळ भाड्यातला फरक आणि हातात पडणारा फरक यांत तफावत येते. तुलना नेहमी करासह केलेल्या रकमेची करावी. दुसरे, सामान. वरच्या दर्जात बॅगांची संख्या किंवा वजन वाढत असेल आणि तुम्ही एरवी जादा वजनाचे पैसे भरून भडंग, हळद, मेतकूट आणि नातवाची लोकरीची दुपटी नेणारच असाल, तर ती रक्कम फरकातून वजा करावी. तिसरे, बोलीची पद्धत. अनेक कंपन्या उड्डाणाच्या काही दिवस आधी ईमेल पाठवून ‘वरच्या दर्जासाठी किती द्याल’ असे विचारतात. बोली बहुधा दर माणशी आणि दर टप्प्याला असते, ती मान्य झाली की पैसे परत मिळत नाहीत आणि सामान व तिकीट रद्द करण्याचे नियम मूळ स्वस्त तिकिटाचेच राहू शकतात. दोघे प्रवास करत असताना ईमेलमधला आकडा दोघांचा मिळून समजून बोली लावणारे भेटले आहेत. बाजारात भाव करताना जसे आपण आधी मनात वरचा आकडा ठरवतो तसा तो इथेही ठरवावा आणि त्यापुढे बोली वाढवू नये.

आरोग्याच्या नावाखाली जे विकले जाते त्याकडे थोडे साशंकपणे पाहावे. लांबच्या प्रवासात पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका खरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून अधिक प्रवासानंतर तो सुमारे दुप्पट होतो, तरी निरोगी माणसात त्याचे प्रमाण सहा हजारांत एक इतके कमी राहते. पण त्याचे कारण तासन्‌तास न हलता बसणे हे आहे, सीटचा दर्जा नव्हे. खिडकीशी बसून शेजाऱ्याला उठवायचा संकोच करणाऱ्याला धोका अधिक, म्हणून आयल सीट घेऊन दर तासा-दीड तासाला दोन फेऱ्या मारणारा माणूस बराच शहाणा. आधी गुठळी झालेली असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असेल किंवा गरोदरपण असेल तर सीटचा विचार नंतर करावा, आधी डॉक्टरांना भेटावे. हवेचेही तसेच आहे. विमानाच्या आतला दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतका, म्हणजे महाबळेश्वरच्याही वरचा असतो, कारण महाबळेश्वर साडेचार हजार फुटांच्या आसपासच आहे. बिझनेसमध्ये बसलात तरी हवा तीच. बोईंग ७८७ आणि एअरबस ए३५० या विमानांत मात्र तो सहा हजार फुटांच्या जवळ राखला जातो, तेव्हा भाडे सारखे असताना सीट निवडण्याआधी विमान निवडणे अनेकदा अधिक फायद्याचे ठरते. तिकिटावर विमानाचा प्रकार लिहिलेला असतो आणि तो वाचायला पैसे पडत नाहीत.

एक्झिट रोची, म्हणजे आपत्कालीन दाराजवळच्या ओळीतली, सीट घेण्याचा मोह मलाही झाला होता. पैसे भरले, पाय लांब झाले, आणि मग लक्षात आले की जेवणाचा ट्रे हाताच्या दांड्यातून निघतो, त्यामुळे दांडा जाड नि पक्का असतो आणि आधीच बेताची असलेली रुंदी आणखी आक्रसते. पायांशी पिशवी ठेवू देत नाहीत, म्हणून उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी चष्मा नि गोळ्याही वरच्या कप्प्यात गेल्या. स्वच्छतागृहाच्या रांगेतले लोक माझ्या पायांपुढे येऊन उभे राहात होते, ते निराळेच. शिवाय ही सीट आपत्कालीन दार उघडायला मदत करू शकेल अशाच प्रवाशाला देतात, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या आईवडिलांसाठी ती घेऊ नये. ऐनवेळी दुसऱ्या सीटवर बसवले जाईल. भिंतीसमोरच्या पहिल्या ओळीत तान्ह्या बाळांचे पाळणे लागतात, हेही लक्षात असू द्यावे.

आईवडिलांना एकटे पाठवताना तर माझा सल्ला बहुतेकांना अनपेक्षित वाटतो. मुले हौसेने प्रीमियम इकॉनॉमी काढून देतात, पण सत्तरीच्या माणसाचे हाल विमानात जितके होतात त्याहून अधिक विमानतळाच्या लांबलचक वाटांवर आणि इमिग्रेशनच्या रांगेत होतात. चालण्याची खरोखर अडचण असेल तर तिकीट काढतानाच व्हीलचेअरची मदत नोंदवावी. रात्री वारंवार उठावे लागणाऱ्या गृहस्थांसाठी प्रीमियमच्या मधल्या सीटपेक्षा इकॉनॉमीची आयल सीट बरी. नवराबायको असतील तर वाटेच्या अल्याडपल्याड दोन आयल सीट घ्याव्यात, म्हणजे गप्पाही होतात आणि कोणी कोणाला उठवत नाही. उरलेल्या रकमेतून एक दिवस आधी निघून विमानतळाजवळच्या हॉटेलात रात्र काढावी आणि दुसऱ्या दिवशी दुपारभर आडवे पडावे. माझ्या मते घाटरस्त्याचा शिणवटा घालवणारी ही झोप सर्वांत स्वस्त पडते.

सीटचे पैसे भरल्यावर काम संपले असे समजू नये. कंपन्या आयत्या वेळी विमान बदलतात, नव्या विमानाची मांडणी वेगळी असते आणि तुमची २३ क्रमांकाची ऐसपैस सीट शौचालयाशेजारच्या ओळीत जाऊन बसते. माझ्या बाबतीत हे एकदा घडले, आणि काउंटरवरच्या मुलीने पहिला प्रश्न विचारला तो ‘सीटची पावती आहे का’ हा. माझ्याकडे नुसते तिकीट होते, त्यामुळे परतावा हाती यायला दोन महिने गेले. म्हणून सीटच्या पैशांची वेगळी पावती छापून पासपोर्टच्या पाकिटात ठेवावी, निघण्याच्या दोन दिवस आधी आणि वेब चेक-इनच्या वेळी सीट नंबर व विमानाचा प्रकार पुन्हा पाहावा, आणि बदल दिसला तर सांगलीतूनच फोन करावा. एकदा गाडी पेठ नाक्याला लागली की फोनवरचा आवाजही धड ऐकू येत नाही.