गरम झाल्यावर तिसऱ्या सिलिंडरचा मिसफायर: दोष इंजेक्टरच्या कनेक्टरमध्ये निघाला

जुनी चार सिलिंडरची पेट्रोल गाडी. थंड असताना ठीक, पण तापली की आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) थरथर, चढावर पिकअप गायब आणि चेक इंजिनचा दिवा. स्कॅनरवर कोड पी०३०३ (तिसऱ्या सिलिंडरचा मिसफायर, म्हणजे त्यात पेट्रोल नीट न जळणं), अधूनमधून पी०२०३.

प्लग नवे टाकले, कॉइलची अदलाबदल केली, इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे भाग) साफ करून घेतले; पैसे गेले, थरथर तशीच. पार वैताग!

पी०२०३ म्हणजे तिसऱ्या इंजेक्टरचं सर्किट. इंजेक्टर मल्टिमीटरवर १४ ओहम, म्हणजे ठणठणीत. मग आयडलवर त्याचा कनेक्टर हलवला आणि इंजिन लगेच अडखळलं. प्लास्टिक खारी बिस्किटासारखं ठिसूळ, लॉक तुटलेलं, आतली एक पिन फाकलेली आणि हिरवट. कॉन्टॅक्ट क्लीनरने तात्पुरतं बरं वाटतं, पण फाकलेली पिन त्याने आवळत नाही.

आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली. वायरसकट नवा कनेक्टर आणला. जुन्या दोन वायरी पुढेमागे कापल्या, म्हणजे जोड शेजारी येत नाहीत. तांबं काळं दिसलं, म्हणून चकचकीत लागेपर्यंत मागे गेलो. गोंदवाली हीट-श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) आधीच ओवून ठेवली (नंतर ती घालता येत नाही). जुन्या कनेक्टरमधली जागा बघून वायर जुळवल्या, क्रिंप केल्या (दाबून जोडल्या), ओढून पाहिल्या, मगच श्रिंक तापवली. सोल्डर टाळलं, थरथराटाने वायर सोल्डरच्या कडेला तुटते. रबर सीलवर डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस, वायरीला थोडी ढील, मग टाय.

कोड पुसून गाडी तापवली आणि कनेक्टर पुन्हा हलवला. आयडल हललं नाही.