गाडीच्या काचा आपोआप उघडतात आणि पाऊस आत येतो? या चुका टाळा

गेल्या जुलैतली गोष्ट. सकाळी साडेसहाला वॉचमनकाकांनी बेल वाजवली. "दादा, तुमच्या गाडीच्या चारही काचा खाली आहेत. रात्रभर पाऊस होता." धावत खाली गेलो. ड्रायव्हरच्या सीटवर हात दाबला की बोटांभोवती पाणी वर येत होतं, मागच्या फुटमॅटमध्ये तळं साचलं होतं. दारं मात्र व्यवस्थित लॉक होती. आदल्या रात्री काचा वर करून मीच गाडी लॉक केली होती, आणि आतलं काहीही चोरीला गेलं नव्हतं.

दारं लॉक आणि काचा उघड्या, या जोडीनेच बहुतेक लोक चुकीच्या वाटेला लागतात. मीही लागलो. इलेक्ट्रिशियनने ड्रायव्हरच्या दारावरचा मास्टर स्विच, म्हणजे चारही काचा चालवणारा स्विच, बदलला, पैसे गेले, आणि दहा दिवसांनी काचा पुन्हा खाली. उलगडा योगायोगाने झाला. बायको पर्समध्ये काहीतरी शोधत होती, मी दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत उभा होतो, आणि माझ्या डोळ्यांदेखत चारही काचा एकत्र, सावकाश खाली गेल्या. पर्समध्ये चष्म्याची केस आणि जेवणाचा डबा यांच्यामध्ये गाडीची किल्ली चेपली गेली होती.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक: किल्लीवर संशयच न घेणं

बऱ्याच गाड्यांमध्ये किल्लीवरचं अनलॉकचं बटण दोन-तीन सेकंद दाबून धरलं की सगळ्या काचा, आणि सनरूफ असेल तर तेही, उघडतं. उन्हात तापलेल्या गाडीतली गरम हवा आत बसण्याआधीच बाहेर जावी, यासाठी दिलेली ही सोय आहे. फोक्सवॅगन, स्कोडा, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज यांच्या गाड्यांत ती फार पूर्वीपासून आहे. आपल्याकडे होंडा सिटीसारख्या गाड्यांतही आली. गाडी घेताना शोरूममध्ये ही गोष्ट कुणी सांगितलीच, तर ती त्या दिवशीच्या पेढ्यांच्या गडबडीत विसरली जाते.

आता दारं लॉक कशी राहतात ते बघा. अनलॉक केल्यावर एकही दार उघडलं नाही, तर बहुतेक गाड्या साधारण अर्ध्या मिनिटात स्वतःहून पुन्हा लॉक होतात. काचा मात्र वर येत नाहीत. म्हणून सकाळी आपल्याला लॉक केलेली गाडी आणि उघड्या काचा दिसतात, आणि रात्री कुणीतरी गाडीशी खेळलं असं वाटतं. रिमोटचा सिग्नल भिंती ओलांडून वीस-तीस मीटर सहज जातो, त्यामुळे गाडी खाली आणि आपण दुसऱ्या मजल्यावर, एवढ्या अंतराने काही बिघडत नाही. घट्ट जीन्सचा खिसा, रेनकोटचा आतला कप्पा, खाली वाकून बूट बांधणं, पोराला कडेवर घेणं, एवढ्यावरही बटण दाबलं जातं.

तपासायला एक मिनिट लागतं. गाडी बंद करा, सगळी दारं लावा, बाहेर उभे राहा आणि अनलॉकचं बटण दहा सेकंद दाबून धरा. काचा खाली आल्या तर तुमच्या गाडीत ही सोय आहे. मग लॉकचं बटण तसंच धरून बघा. काही गाड्यांत काचा वर येतात, काहींत येत नाहीत. दुसरी किल्लीही तपासा. तिचं रबराचं बटण झिजून आत रुतलेलं असेल, तर ती कपाटात पडल्या पडल्याही सिग्नल देऊ शकते. काही गाड्यांत किल्ली दाराच्या कुलपात घालून फिरवून धरली तरी हेच होतं.

ही सोय बंद करता येते. काही गाड्यांत स्क्रीनवरच्या सेटिंगमध्ये, काहींत सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावून. निदान पावसाळ्याचे चार महिने तरी ती बंद ठेवावी, असं माझं स्पष्ट मत आहे. तोवर किल्लीला कडक कव्हर घाला; मऊ सिलिकॉनच्या कव्हरने काही होत नाही, त्यातूनही बटण दाबलं जातं.

काच वर गेली असं समजून पाठ फिरवणं

तक्रार एकाच काचेची असेल तर गोष्ट वेगळी. एका टचमध्ये वर जाणाऱ्या काचेला मध्ये अडथळा लागला, तर हात किंवा मान अडकू नये म्हणून ती थांबते आणि उलट खाली येते. अडथळा खराच हवा असं नाही. काच ज्या रबराच्या खाचेतून सरकते ती खाच धुळीने भरली, रबर कडक झालं, किंवा पाऊस अडवायला काचेच्या वर बाहेरून लावलेली पट्टी (डोअर व्हायजर) आत दाबली गेली, तरी मोटरला वाटतं की काहीतरी अडकलं. आपण स्विच ओढतो, मोटरचा आवाज ऐकतो आणि उतरतो. काच वर टेकते, परत फिरते आणि हातभर खाली येऊन थांबते.

इथे लोक तेल किंवा ग्रीस सोडतात. तसं करू नका. तेलाने रबर फुगतं, त्याला धूळ चिकटते आणि महिन्याभरात काच आणखी जड होते. ओल्या कापडाने खाच आतून पुसून घ्या, वाळू द्या आणि मग सिलिकॉन स्प्रे मारा. बॅटरी नुकतीच काढली किंवा बदलली असेल, तर काचेला आपली वरची हद्द आठवत नाही. अनेक गाड्यांत काच पूर्ण खाली, मग पूर्ण वर नेऊन स्विच काही सेकंद तसाच ओढून धरला की ती परत शिकते. नेमकी पद्धत मॅन्युअलमध्ये असते.

ओल्या स्विचकडे दुर्लक्ष

पावसात आतून काचांवर वाफ धरते म्हणून आपण ड्रायव्हरची काच दोन बोटं उघडी ठेवतो. तिथून पडणारं पाणी थेट दारावरच्या स्विचवर जातं. त्यातून स्विच आत गंजला की बटण न दाबताही मोटर फिरू शकते. हा प्रकार किरकोळ समजू नका. जानेवारी 2010 मध्ये होंडाने जगभरातल्या सुमारे 6 लाख 46 हजार जॅझ आणि सिटी गाड्या परत बोलावल्या, त्या ड्रायव्हरच्या खिडकीतून मास्टर स्विचमध्ये पाणी शिरून आग लागण्याच्या धोक्यामुळे. भारतातल्या जुन्या सिटी गाड्याही त्यात होत्या. स्विच गरम लागला, जळका वास आला किंवा गाडी चालू असताना काच मधूनच हलली, तर गाडी घरी न आणता आधी दाखवून घ्या. वाफ घालवायला काच उघडू नका. एसी चालू करून हवा पुढच्या काचेवर सोडा, ती पटकन जाते.

काच आपल्या वजनानेच खाली घसरते का, हेही बघा. दोन्ही तळवे काचेला दोन्ही बाजूंनी लावून खाली दाबा. हाताने सरकली तर किल्ली आणि स्विच दोघांचाही दोष नाही. दाराच्या आतली काच उचलणारी मशीन गेली आहे, बहुतेक वेळा तिची वायर किंवा प्लॅस्टिकची क्लिप तुटलेली असते. काच तशीच तळव्यांनी वर नेऊन चौकटीला टेप लावा आणि गॅरेज गाठा.

रात्रीपुरता उपाय म्हणून काचा वर करून पॉवर विंडोचा फ्यूज काढून ठेवता येतो. मी तो दोन रात्री काढला होता. पण गाडी चालवायला घेताना फ्यूज परत लावाच. पाणी भरलेल्या रस्त्यात अडकलात तर बाहेर पडायचा मार्ग तीच काच असते.

वरवर पुसून मोकळं होणं

मला सगळ्यात महाग पडली ती ही चूक. सीट पुसली, फुटमॅट वाळवली, दोन दिवस एसी लावला, आणि काम झालं असं समजलो. चौथ्या दिवशी दार उघडताच ओल्या गोणपाटासारखा वास आला. कार्पेटखाली जाड फोमचा थर असतो आणि तो पाणी धरून ठेवतो. वरून कार्पेट कोरडं लागतं, खाली बुरशी वाढत राहते आणि पत्रा गंजत राहतो.

दाराच्या उंबऱ्यावरची प्लॅस्टिकची पट्टी खटकन निघते. ती काढून कार्पेटची कड उचला, फोमखाली वर्तमानपत्राच्या घड्या सरकवा आणि दर दोन तासांनी बदला. टेबलफॅन दारातून थेट त्या फटीत सोडा. पुढच्या सीटखाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसतील, ते एअरबॅगचे आणि सीटबेल्टचे. त्यांना हात लावू नका, ड्रायरची गरम हवाही मारू नका. ते ओले दिसले किंवा डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागला, तर सर्व्हिस सेंटरलाच दाखवा.

सीट कोरडी आणि फक्त खालचं कार्पेट ओलं असेल, तर पाणी काचेतून आलेलंच नाही. एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी, सनरूफच्या कोपऱ्यातल्या नळ्या आणि दाराच्या तळाशी असलेली पाणी निघायची भोकं बघा. पानं आणि चिखल यांनी ती बुजतात.

माझ्या गाडीत वर्तमानपत्राची घडी पूर्ण कोरडी निघायला सहा दिवस लागले. वास त्यानंतर गेला.