बर्फाखालची क्रॅपी आणि आमिषाचे घोळ: या चुका टाळा

अमेरिकेतल्या मिनेसोटात तळी गोठली आणि लोक बर्फाला भोक पाडून गळ टाकू लागले की आमिषाच्या दुकानात प्रत्येक गिऱ्हाईक एकच गोष्ट विचारतं: क्रॅपी (गोड्या पाण्यातला एक मासा) सध्या कशावर लागतेय? दुकानदार सांगेल ते घ्यायचं, दिवसभर थंडीत कुडकुडायचं, रिकामी बादली घेऊन परतायचं आणि रात्री आमिषाला शिव्या घालायच्या. खरं तर बहुतेक वेळा आमिष बरोबरच असतं. ते भलत्या खोलीवर लटकत असतं, गळाला वेडंवाकडं लावलेलं असतं किंवा कधीच मरून गोठलेलं असतं. म्हणून नवी डबी उघडण्याआधी आहे त्या आमिषाची विचारपूस करा.

आमिष माशाच्या खाली

मला विचाराल तर सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. काळी क्रॅपी असो वा पांढरी, तिचे डोळे डोक्यात वरच्या बाजूला असतात आणि तोंडही तिरकं, वर उघडणारं असतं. ती खालून वर बघत खाते. पोटाखाली लोंबणाऱ्या अळीकडे ती सहसा ढुंकूनही बघत नाही.

पर्च किंवा वॉलआय हे मासे पकडणाऱ्यांना सवय असते ती जिग, म्हणजे वजनदार डोक्याचा गळ, तळाला टेकवून फूटभर वर घेण्याची. ऐन हिवाळ्यात क्रॅपीसाठी ही सवय नडते. जानेवारीत ती अनेकदा तळ्याच्या खोलगट भागात, २० ते ३५ फूट पाण्यावर, तळ सोडून अधांतरी उभी असते. तळाशी सोडलेलं आमिष तिच्यापासून दहा फूट खाली राहतं, आणि आपण वर बसून अळीचा रंग बदलत राहतो.

फ्लॅशर, म्हणजे पाण्यातले मासे दाखवणारं सोनार यंत्र, असेल तर माशाची रेघ दिसते; आमिष त्या रेघेच्या एक-दोन फूट वर थांबवा. मासा वर यायला लागला की आमिषही हळूहळू वर घ्या. पाठलाग करत वर येणारी क्रॅपी बहुधा खाते. या क्षणी अनेक जण ‘घे बाई’ म्हणून आमिष तिच्या तोंडापुढे खाली सोडतात आणि ती निघून जाते. फ्लॅशर नसेल तर वरून सुरुवात करा आणि दोन-तीन फुटांच्या टप्प्याने खाली जा, तळावरून वर येऊ नका.

ही खोली दिवसभर एकच राहत नाही. बर्फाखाली फँटम मिज नावाच्या चिलटाच्या पारदर्शक अळ्या दिवसा तळाच्या चिखलात असतात आणि अंधार पडू लागला की वर येतात. सूक्ष्म प्राणिप्लवकही तसेच वर सरकतात. त्यांच्या मागोमाग क्रॅपी वर येते. दुपारी २८ फुटांवर मासा देणारं आमिष सूर्य मावळताना तिथेच ठेवलं, तर ते आता माशाच्या खाली आहे. संध्याकाळी मासे ‘अचानक बंद झाले’ असं वाटलं की आधी दोरी गुंडाळून आमिष वर घ्या.

उन्हाळ्याचा आकार हिवाळ्यात

बर्फाला लागून पाणी शून्य अंशाच्या आसपास असतं आणि तळाशी फार तर ४ अंश सेल्सिअस. या गारठ्यात माशाचं पचन मंदावतं. त्यात क्रॅपीच्या कल्ल्यांमध्ये बारीक चाळणी असते, त्यामुळे मोठी झाल्यावरही ती डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव गाळून खाऊ शकते. तिच्यापुढे उन्हाळ्यातला जाडजूड जिग नाचवला तर ती येऊन पाहते आणि परत जाते.

ऐन हिवाळ्यात ३ ते ५ मिलिमीटरचा टंगस्टन जिग, त्यावर एक-दोन अळ्या आणि २ ते ४ पौंड ताण पेलणारा तंगूस (गळाची बारीक नायलॉन दोरी) एवढंच पुरतं. टंगस्टनची घनता १९.३, शिशाची ११.३. म्हणजे तेवढ्याच वजनाचा जिग लहान होतो, ३० फूट पटकन उतरतो आणि बारीक तंगूसही ताठ ठेवतो. शिसं टाळायला आणखी एक कारण आहे: शिशाचे तुकडे गिळून लून पक्षी मरतात, आणि लून हा मिनेसोटाचा राज्यपक्षी.

मात्र ‘लहान म्हणजे चांगलं’ हाही मंत्र करून बसू नका. बर्फ नुकता धरलेला असताना क्रॅपी उथळ पाण्यात, हिरव्या पाणवनस्पतींजवळ असते आणि भुकेली असते. तेव्हा दीड-दोन इंचांचा जिवंत मिनो, म्हणजे आमिषाचा बारीक मासा, अळीपेक्षा सरस ठरतो. संध्याकाळच्या तासाभरातही तसंच. आणि ब्लूगिल नावाचे छोटे मासे सतत अळ्या कुरतडून नेत असतील तर दुसरी डबी उघडण्यापेक्षा सरळ मिनो लावा. ब्लूगिलचं तोंड एवढंसं असतं, त्याला तो सहज गिळता येत नाही.

गळाला लावण्याची पद्धत

जिवंत कोळंबी लावून जिताड्यासाठी गरवणाऱ्या कोकणी माणसाला हे सांगावं लागत नाही: जिवंत आमिषाचं काम जिवंत राहण्याचं आहे. मिनोच्या पाठीवरच्या पराच्या पुढे किंवा खाली, कातडीला लागून बारीक गळ ओवा. कणा दुखावला की तो लुळा पडतो. फूटभर वर एक छोटं वजन लावा म्हणजे तो खाली राहील, पण गोल फिरायला मोकळा असेल. ही काठी हलवायची नाही, नुसती ठेवून द्यायची. मिनेसोटात हिवाळ्यात एकाला दोन दोऱ्या टाकता येतात. एका भोकात हा मिनो आणि शेजारच्या भोकात हातातला जिग, ही जोडी मला सगळ्यात पसंत आहे.

माशीच्या अळीचं एक टोक निमुळतं असतं, एक बोथट. बोथट टोकाच्या कातडीला गळ निसटता लावा. मधोमध भोसकली की आतलं पाणी निघून नुसती साल उरते. मेणकिड्याची अळी मोठी आणि मऊ असते. ती फुटली तरी तिचा रस थोडा वेळ वास सोडतो, पण पिवळसर-पांढरी अळी काळपट झाली असेल तर फेकून द्या.

तंगूसची गाठही बघा. आडव्या जिगची गाठ पुढे-मागे सरकली की जिग तिरका लोंबतो. त्याहून वाईट म्हणजे पीळ पडलेल्या तंगूसवर जिग जागच्या जागी गरगरतो. तसं गरगरणारं खाद्य पाण्यात नसतं, आणि क्रॅपीला ते कळतं. नेहमीच्या स्पिनिंग रिळाऐवजी सरळ सुटणारं रीळ वापरलं की पीळ बराच कमी होतो.

डबी बर्फावर ठेवणं

उघड्यावर ठेवलेल्या अळ्या काही मिनिटांत कडक होतात. डबी कोटाच्या आतल्या खिशात ठेवायची, घरचे काहीही म्हणोत. माशीच्या अळ्या थंडीला चिवट, म्हणून फ्रिजमध्ये टिकतात. उबेत ठेवल्या तर तपकिरी कोश होतात आणि मग स्वयंपाकघरात माश्या. मेणकिड्याचं उलट: फ्रिजच्या आतल्या गारठ्यात त्या मरतात, १० ते १५ अंशांची जागा त्यांना मानवते. मिनोंना बादलीच्या गार पाण्यातून एकदम कोमट पाण्यात, किंवा उलट, टाकू नका. पाणी घालायचं तर तेही तितकंच गार हवं, आणि शहरी नळाचं नको. त्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन असतं.

मासा येतो, पण लागत नाही

आधी हात थांबवा. उड्या मारणारा जिग दुरून मासा बोलावतो, पण जवळ आलेल्या क्रॅपीला तो नुसता थरथरता हवा असतो. तरीही परत गेली, तर आमिष लहान करा: दोन अळ्यांची एक, किंवा मिनोच्या जागी अळी. रंग बदलणं हा शेवटचा उपाय. अंधारात चमकणारा जिग कामाचा असतो, पण स्वच्छ पाण्यात भर दुपारी टॉर्चने पेटवलेला जिग मला तरी फारसा उपयोगी वाटत नाही.

कधी मासा खातो आणि आपल्याला पत्ताच लागत नाही. क्रॅपी वरच्या दिशेने खात असल्याने ती आमिष उचलते, मग दोरी ओढली न जाता सैल पडते. काठीच्या टोकाची स्प्रिंग खाली जाण्याऐवजी वर झाली की समजायचं. तेव्हाही मनगट हळूच उचला, हिसका देऊ नका. तिच्या तोंडाचा पडदा कागदासारखा पातळ असतो, गळ फाडून निघतो.

लवचीक प्लॅस्टिकचं आमिष गोठत नाही, चोरीला जात नाही, त्यामुळे मासे जोरात असताना वेळ वाचतो. मासे आळसावलेले असतील तर त्याच गळावर एक खरी अळी टोचा.

उरलेलं आमिष

उरलेले मिनो तळ्यात सोडणं मिनेसोटात बेकायदा आहे. ते कचऱ्यात जातात. तळ्याचं पाणी बादलीतून घरी नेणंही चालत नाही, म्हणून मिनो ठेवायचे असतील तर बदलायला क्लोरीन नसलेलं पाणी घरून आणा. दुसऱ्या राज्यातून जिवंत मिनो घेऊन येऊ नका. विस्कॉन्सिनमध्ये राहणाऱ्यांनी तिथले वेगळे नियम वाचावेत. मिनेसोटात क्रॅपीची राज्यभराची सर्वसाधारण मर्यादा १०, काही तळ्यांवर त्याहून कमी असते, आणि १६ वर्षं व त्यावरच्या बहुतेकांना परवाना लागतो. तो १ मार्चपासून फेब्रुवारीअखेरपर्यंतच्या वर्षाचा असतो, त्यामुळे मार्चच्या बर्फावर जाताना नवा काढलाय का, ते बघून घ्या.