फिर्यादीतील कलमे कशी वाचावीत आणि आरोपीने कोणते हक्क मागावेत

पोलीस ठाण्यातून ‘तुमच्यावर गुन्हा दाखल झाला आहे, येऊन भेटा’ असा फोन आला की बहुतेक घरांत पहिली धावपळ ओळखीचा पुढारी शोधण्याची होते. खरी निकड मात्र गुन्हा कोणत्या कलमाखाली नोंदला आहे हे कळण्याची असते, कारण अटक होईल की नोटीस येईल, जामीन ठाण्यातच मिळेल की न्यायालयात मागावा लागेल, प्रकरण आपसात मिटेल की खटला चालेल, हे सारे त्या आकड्यावरून ठरते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. पुढे दिलेली नवी कलमे गुन्ह्यांबाबत न्याय संहितेची, तर अटक, नोटीस, जामीन अशा प्रक्रियेबाबत नागरिक सुरक्षा संहितेची आहेत. घटना त्या तारखेपूर्वीची असेल तर गुन्ह्याची जुनीच कलमे लागतात, म्हणून फिर्यादीत नोंदवण्याच्या तारखेइतकेच घटनेच्या तारखेकडे लक्ष द्यावे. संवेदनशील प्रकरणे वगळता एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे. त्यामुळे ठाण्यात प्रत मिळाली नाही तरी महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर ती शोधता येते.

प्रत हाती आल्यावर प्रत्येक कलमाबाबत तीन गोष्टी पाहाव्यात: गुन्हा दखलपात्र आहे का, जामीनपात्र आहे का आणि त्याला कमाल शिक्षा किती आहे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत कलमवार तक्त्यात दिलेली आहेत. दखलपात्र गुन्ह्यात पोलीस वॉरंटाशिवाय अटक करू शकतात. अदखलपात्र गुन्ह्यात दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचून त्यांना तपाससुद्धा करता येत नाही. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क असतो, तर अजामीनपात्र गुन्ह्यात तो न्यायालयाच्या विवेकावर अवलंबून असतो. ‘अजामीनपात्र’ म्हणजे जामीन मिळतच नाही, हा समज चुकीचा आहे.

बांधावरून किंवा पार्किंगवरून झालेल्या भांडणात पूर्वी ३२३, ५०४, ५०६ आणि ३४ ही कलमे हमखास दिसत. त्यांची जागा आता ११५(२), ३५२, ३५१(२) आणि ३(५) यांनी घेतली आहे: साधी दुखापत, हेतुपुरस्सर अपमान, धमकी आणि समान इरादा. यांतील साधी दुखापत व अपमान हे अदखलपात्र गुन्हे आहेत आणि ज्यांना लागले, ज्यांचा अपमान झाला किंवा ज्यांना धमकी मिळाली, त्यांच्या संमतीने हे तिन्ही गुन्हे मिटवता येतात. काठी, कोयता अशा हत्याराचा उल्लेख आला की ११८ लागते आणि प्रकरण दखलपात्र होते. हाड मोडले असेल तर ती जबर दुखापत ठरते. त्यामुळे वैद्यकीय दाखल्यातला एक शब्दही प्रकरणाची दिशा बदलू शकतो.

नुसती एन.सी., म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, झाली म्हणून निर्धास्त राहणेही बरे नव्हे. दोन्ही बाजूंच्या एन.सी. नोंदल्या गेल्या की पुष्कळदा ‘चॅप्टर केस’ होते, म्हणजे कलम १२६ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे, तालुक्यात बहुधा तहसीलदारांपुढे, शांतता राखण्याचे बंधपत्र का घेऊ नये याची नोटीस येते. अनेक जण हा निव्वळ सोपस्कार समजून सही करून मोकळे होतात. ते बंधपत्र एक वर्षापर्यंतचे असू शकते आणि त्याचा भंग झाला तर त्यातील रक्कम जप्त होते, म्हणून नोटिशीला लेखी उत्तर द्यावे.

चोरी (३०३) आणि फसवणूक (३१८) यांत थोडे अधिक खोलात जावे लागते. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची पहिलीच चोरी असेल आणि वस्तू परत केली असेल, तर नव्या कायद्यात समाजसेवेची शिक्षा आहे. एरवी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. फसवून मालमत्ता घेतल्यास ३१८(४) खाली सात वर्षांपर्यंत कैद आहे. पण उसने पैसे वेळेत परत न करणे म्हणजे फसवणूक नव्हे. व्यवहाराच्या सुरुवातीपासूनच बुडवण्याचा हेतू होता हे दाखवावे लागते. निव्वळ दिवाणी वादाला फौजदारी रूप दिलेले असेल तर गुन्हा रद्द करून घेण्यासाठी कलम ५२८ खाली उच्च न्यायालयात जाता येते.

सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने अर्नेश कुमार प्रकरणात २०१४ मध्ये सांगितले. अटकेची गरज नसेल तेथे पोलिसांनी कलम ३५(३) खाली हजर राहण्याची नोटीस द्यावयाची असते. ही नोटीस मिळाल्यावर टाळाटाळ करणे हा सर्वांत वाईट सल्ला आहे, कारण नोटिशीचे पालन करणाऱ्याला कारणे नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही आणि न करणाऱ्याचे हे संरक्षण जाते. ठरल्या दिवशी जावे, दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्यावी आणि कोऱ्या कागदावर सही करू नये. गुन्हा अजामीनपात्र असून अटकेची भीती खरी असेल, तर कलम ४८२ खाली सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज करावा; मात्र अ‍ॅट्रॉसिटी कायद्यासारख्या काही कायद्यांत ही वाट जवळजवळ बंद आहे.

अटक झालीच तर अटकेची कारणे लेखी मागावीत. संविधानाच्या अनुच्छेद २२ मध्ये कारणे कळवण्याचा हक्क आहेच. नोव्हेंबर २०२५ मध्ये, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने ही कारणे आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यावीत आणि दंडाधिकाऱ्यांपुढे नेण्याच्या किमान दोन तास आधी द्यावीत असे स्पष्ट केले. अटक पंचनाम्यावर कुटुंबातील व्यक्तीची किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्ष असावी लागते, नातेवाइकाला कळवणे बंधनकारक आहे आणि चौकशीदरम्यान, अखंड नसले तरी, वकिलाला भेटता येते. अपवादात्मक परिस्थिती वगळता स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही.

स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती अनुच्छेद २०(३) मुळे करता येत नाही. नाव आणि पत्ता मात्र खरा सांगावा. बोटांचे ठसे, हस्ताक्षराचे नमुने हे या संरक्षणात येत नाहीत, असे मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड या १९६१ च्या निकालापासून ठरलेले आहे. पोलिसांपुढील कबुली पुरावा म्हणून चालत नाही. पण तिच्या आधारे एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी संबंधित तेवढा भाग चालतो. मकोका, म्हणजे १९९९ चा महाराष्ट्राचा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, येथे अपवाद आहे: पोलीस अधीक्षक वा त्याहून वरिष्ठ अधिकाऱ्यापुढील कबुली त्यात ग्राह्य धरता येते.

प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर केलेच पाहिजे. तेथे ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ असे विचारले जाते आणि उत्तर रोजनाम्यात लिहिले जाते. मारहाण झाली असेल तर घाबरून ‘नाही’ म्हणू नये. जखमा दाखवाव्यात आणि वैद्यकीय तपासणी मागावी. वकील परवडत नसल्यास त्याच वेळी तसे सांगावे. कोठडीतील कोणालाही विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ खाली मोफत वकील मिळतो आणि नातेवाईक १५१०० या क्रमांकावर किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मदत मागू शकतात.

जामीन मंजूर झाला तरी जामीनदाराच्या कागदांअभावी सुटका रखडते, म्हणून ओळखपत्र, रेशन कार्ड, पगारपत्रक किंवा सातबारा आधीच गोळा करून ठेवावा. जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार देता आला नाही तर आरोपी निर्धन आहे असे मानून जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्या बंधपत्रावर, सोडावे, अशी तरतूद आहे. ती वकिलाला आठवण करून देण्यात संकोच नसावा.

पहिल्या रिमांडची, म्हणजे दंडाधिकाऱ्यांनी कोठडी दिल्याची, तारीख घरातील कॅलेंडरवर लिहून ठेवावी. मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा त्याहून अधिक कैदेच्या गुन्ह्यात ९० दिवसांत आणि इतर गुन्ह्यांत ६० दिवसांत दोषारोपपत्र दाखल झाले नाही, तर कलम १८७ खाली जामिनाचा हक्क निर्माण होतो. दिवस अटकेपासून नव्हे, तर रिमांडपासून मोजतात. अर्ज मात्र दोषारोपपत्र येण्यापूर्वीच करावा लागतो. एक दिवस उशीर झाला आणि तेवढ्यात दोषारोपपत्र आले की हा हक्क संपतो.

दोषारोपपत्र आल्यावर फिर्याद, जबाब व पंचनामे यांच्या प्रती आरोपीला मोफत मिळतात. त्या वकिलाच्या फायलीत न ठेवता स्वतः वाचाव्यात, पंचनाम्यातील वेळ, ठिकाण आणि पंचांची नावे जबाबांशी ताडून पाहावीत आणि पुराव्यात आरोप निश्चित करण्याइतकेही बळ दिसत नसेल तर दोषमुक्तीच्या अर्जाबद्दल वकिलाला लगेच विचारावे, कारण नव्या संहितेत त्या अर्जालाही साठ दिवसांची मुदत आहे.