सोलापुरात कुत्रं पाळताय? या चुका टाळा

दर मार्चमध्ये माझा फोन वाजायला लागतो तो पाऊस पडेपर्यंत थांबत नाही. "ताई, कुत्रं लई धापा टाकतंय, काय करू?" आजारी कुत्र्यांना दवाखान्यात पोचवण्याचं काम मी बारा वर्षं करतेय. कुत्री बदलतात, घरं बदलतात, चुका मात्र त्याच.

सगळ्यात जीवघेणी चूक म्हणजे गच्ची. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच त्याचं शरीर थंड होतं, आणि हवाच तापलेली असली की त्या धापाही पुरत नाहीत. जुळे सोलापुरातल्या एका घरी तीन वर्षांचा लॅब्रॅडोर होता. घरात केस पडतात म्हणून तो गच्चीवर, पत्र्याच्या शेडखाली साखळीला. दुपारी दोनला फोन आला. मी पोचले तेव्हा त्याची जीभ जांभळट झाली होती, लाळेच्या चिकट तारा लोंबत होत्या, मागचे पाय लुळे पडले होते. घरचे जीव तोडून पाणी मारत होते, गच्चीवरच्या नळाला पाइप लावून. मी धारेखाली हात धरला आणि चटका बसून मागे घेतला. काळ्या टाकीत सकाळपासून तापलेलं पाणी होतं ते! वर अंगाला ओला टॉवेल घट्ट गुंडाळलेला, म्हणजे आतली उष्णता आतच कोंडलेली. थर्मामीटर लावला तर १०७ फॅरनहाइट. निरोगी कुत्र्याचं तापमान १०१ ते १०२.५ असतं.

टॉवेल काढला, त्याला खाली सावलीत आणलं, हौदातलं पाणी बादलीनं पोटावर, जांघेत, पंजांवर ओतलं, पंखा लावला. १०३ वर आल्यावर ओतणं थांबवलं, कारण पुढे तापमान आपोआप उतरतं आणि गरजेपेक्षा खाली गेलं तर तेही वाईट. दवाखान्यात रात्रभर सलाइन चाललं. पहाटे तो गेला. बादल्या भरून देणारा त्या घरातला आठवीतला मुलगा दवाखान्याच्या पायरीवर पट्टा हातात धरून बसला होता.

तेव्हापासून उन्हाळ्यात मी जिन्याखाली पाण्याचा एक बॅरल भरून ठेवते, फक्त कुत्र्यांसाठी. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, बॅरल घरोघरी असतातच. एक सावलीत ठेवा. फिरवणं पहाटे सहाच्या आत. डांबरावर हाताची पालथी बाजू सात सेकंद ठेवता येत नसेल तर कुत्र्याला त्यावर चालवू नका. आणि कृपा करून हस्की, सेंट बर्नार्ड सोलापुरात आणू नका. ती बर्फातली जनावरं आहेत. ऐटदार कुत्रंच हवं असेल तर आपल्या दख्खनच्या मातीतलं कारवान बघा. अंगावर आखूड केस, काटक शरीर, पळायला वारा. गावठी पिल्लू तर त्याहून सोपं.

दुसरी चूक, "एक सुई दिलीय की!" पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांचं असताना पहिली लस, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस, साधारण सोळा आठवड्यांपर्यंत. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती सुरुवातीच्या लशीला नीट काम करू देत नाही, म्हणून एवढे डोस. मधेच थांबलात आणि पार्व्हो विषाणूनं गाठलं, की रक्ताचे जुलाब लागून पिल्लू दोन-तीन दिवसांत संपतं. हा विषाणू मातीत महिनोनमहिने टिकतो. एका घरी पिल्लू गेल्यावर आठवड्यात दुसरं आणलं, त्याच पोत्यावर झोपवलं. तेही गेलं. घाई कशाची होती, हे मला आजही कळत नाही. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकणं २०१७ च्या नियमांनी बंद आहे, तरी चाळीस दिवसांची पिल्लं सर्रास विकली जातात. घेऊ नका.

रेबीजची लस तीन महिन्यांनंतर, मग दरवर्षी. कुत्रं चावलं तर हळद, चुना काही लावू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा, कुत्रं घरचं असलं तरी.

कुत्र्याला ताप आला तर पॅरासिटामॉल देऊ नका. द्राक्षं, मनुके, चॉकलेट, कांदा-लसूण बंद. म्हणजे आमटीत कुस्करलेली भाकरीसुद्धा नाही.

गड्ड्यातल्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेतल्या, शोभेच्या दारूकामाच्या रात्री कुत्र्याला आतल्या खोलीत ठेवा, पट्ट्यावर फोन नंबर हवाच.

खर्चाचं म्हणाल तर पिल्लाची किंमत हा सगळ्यात लहान खर्च. मी दर महिन्याला हजार रुपये वेगळ्या डब्यात टाकते, त्याला हात लावत नाही. गोचीड तापाचं एक आजारपण तो डबा रिकामा करतं. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी कुत्रं पाळू नये, आणि पाळून मग विजापूर रोडला सोडून येऊ नये. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं तो गुन्हा आहे.

कुत्रं पाळणं जमत नसेल तर कुत्र्यांच्या निवारा केंद्राला मदत करा. पण शिळा पाव आणि लग्नातलं उरलेलं जेवण नेऊ नका. आधी फोन करून काय संपलंय ते विचारा. बहुतेक वेळा औषधं, लशी आणि गाडीचं पेट्रोल संपलेलं असतं. थंडीत मात्र घरातल्या जुन्या सोलापुरी चादरी न्या. नेण्याआधी कडेचे गोंडे कापा, पिल्लं ते गिळतात.